एका माणसात उभा राहणारा पडदा

कॅमेऱ्याच्या दुकानात माणसं यादी घेऊन जातात. आमचे गुणवंतअण्णा ताणकाटा घेऊन जातात. वर कडी, खाली हूक आणि मधे स्प्रिंग असलेला तो काटा, ज्याला आमच्याकडे कापसाचं बोचकं लटकवून तोलतात. बीडच्या त्या दुकानातल्या विक्रेत्यानं काउंटरवर काळं मखमली कापड अंथरलं, त्यावर एक नवा कॅमेरा ठेवला आणि तो अंधारातसुद्धा कसा बघतो हे सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात अण्णांनी पिशवीतून काटा काढला, कॅमेऱ्याचा पट्टा हुकात अडकवला आणि एवढा महागाचा ऐवज अधांतरी उचलून धरला. विक्रेत्याच्या तोंडचं पाणी पळालं. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून वजन वाचलं आणि विचारलं, "लेन्स लावली की किती भरंल?"

मी शेजारीच उभी होते. माझं बीडला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, अण्णा त्याच एसटीत भेटले, आणि "चला बाई, तुमाला दुकानदारासंगं बोलता येतं" असं म्हणून त्यांनी मला संध्याकाळी सोबत नेलं होतं. प्रत्यक्षात मला एक शब्द बोलावा लागला नाही. अण्णांचे प्रश्न ठरलेले होते. वारं आलं तर काय होतं? उन्हात कॅमेऱ्याच्या मागचा पडदा दिसतो का? मोटारसायकलवर बसतं का? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा, "हे समदं उभं करायला दुसरा मानूस लागतो का?"

विक्रेता म्हणाला की मोठे फोटोग्राफर असिस्टंट ठेवतात. अण्णांनी कॅमेरा हळूच मखमलीवर ठेवला आणि "मंग आपलं न्हाई" म्हणून पुढच्या कपाटाकडे वळले.

आता हे अण्णा कोण, ते सांगते. आमचं गाव युसूफ वडगावच्या अलीकडे, केज तालुक्यात. मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सतरा वर्षं शिकवते आणि तेवढीच वर्षं अण्णांची शेजारीण आहे. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. अण्णा साठीचे. कॅसेटच्या काळापासून ते लग्नाचं शूटिंग करतात आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या संसारांची सुरुवात त्यांच्याकडे जपून ठेवलेली आहे. पण त्यांची खरी ख्याती हिरव्या कापडाची. नवरानवरीला हिरव्या कापडासमोर उभं करायचं, शूट करायचं, मग कॉम्प्युटरवर हिरवं तेवढं पुसून टाकायचं आणि मागे बर्फ, समुद्र, ताजमहाल, जे मागाल ते ठेवायचं. शहरात हे काम बंद खोलीत दिवे लावून करतात. अण्णा ते गावाबाहेरच्या गायरानात, भर उन्हात करतात.

"उनापेक्षा मोठी लाइट कुनी केलीय का?" हा त्यांचा सवाल असतो. त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही, कारण उत्तराची वाट न बघता अण्णा पुढचा नियम सांगतात. सकाळी आठ ते साडेनऊ, बस्स. त्यानंतर ऊन डोक्यावर येतं आणि नाकाची सावली ओठावर पडते. माणूस कापडापासून चांगला एक कासरा लांब पाहिजे, नाहीतर गालावर 'हिरवं चढतं'. कापडावर सुरकुती नको, सावली नको, आणि नवरीच्या अंगावर हिरवं काही नको, नाहीतर जिथं हिरवं तिथं नवरी आरपार. हे शेवटचं कलम लक्षात ठेवा, पुढे तिथंच घोडं अडलं.

मेमध्ये आमच्या शिवारात अण्णांच्या कापडाइतकं हिरवं दुसरं काही नसतं. एकदा एका धनगराची शेरडं अर्धा मैल पळत आली आणि त्यातल्या एकीनं ताजमहालाचा खालचा कोपरा चावून बघितला. धनगर अण्णांवरच उखडला, की तुमच्या कापडानं माझी जनावरं फसवली. अण्णांनी ते प्रशस्तिपत्रक मानलं. शेरडाला खरं वाटलं म्हणजे रंग एकसारखा आहे, असं ते वर्षभर सांगत होते. दुसऱ्या एका जोडप्याला त्यांनी बर्फात उभं केलं होतं. व्हिडिओत चारी बाजूंनी बर्फ आणि नवरदेव उपरण्यानं घाम पुसतोय. मी हे दाखवून दिलं तर अण्णा गंभीरपणे म्हणाले, "लग्नाचा घाम हाय बाई, तो बर्फात बी येतो."

असा हा आत्मविश्वास. पण तो पूर्वी दोघांचा होता. शकूमावशी, म्हणजे अण्णांची बायको, मोटारसायकलवर मागे बसायच्या. एका हातात बांबू उभे धरलेले, मांडीवर कापडाची गुंडाळी, पाठीला तिपाई. माळावर गेलं की कापडाचं एक टोक अण्णांकडे, दुसरं मावशींकडे. कापड ताणून झालं की मावशी नवरीकडे वळायच्या. पदर, ब्लाउज, टिकली, हातातला चुडा, सगळं निरखून जे हिरवं असेल ते झाकायच्या. नवीन काही आणलं की आधी त्या कापडापुढे उभ्या राहायच्या आणि अण्णा त्यांच्यावर कॅमेरा तपासायचे. "मला कुठंबी न्या, स्वयपाकाला परत आना" असं म्हणत त्या तिथं तासतासभर उभ्या असायच्या.

दोन वर्षांपूर्वी आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेल्या. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी सकाळी त्यांनी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला ताणकाटा बांधला आणि घरातलं सगळं सामान एकेक करून तोललं. बांबू, कापड, तिपाई, कॅमेरा, पेटी, वायरी. मी अंगणाच्या भिंतीवरून बघत होते. बेरीज तेवीस किलो झाली.

"निम्मं तिचं हुतं," अण्णा म्हणाले. "आता निम्म्यात बसवायचं."

तेव्हापासून हा माणूस त्या एका ध्यासानं पछाडला. एखादा गडी मदतीला ठेवा, असं गावात सगळ्यांनी सांगून पाहिलं. अण्णांचं म्हणणं, मदतीला माणूस ठेवला की आधी त्याची मर्जी सांभाळा, मग त्याचा फोन सांभाळा, आणि एवढं करून ऐन वेळी तो शिंकला की तिपाई हलणार. खरं कारण वेगळं होतं. मावशींच्या टोकाला दुसरं कुणी उभं राहिलेलं त्यांना बघवलं नसतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण भिंतीपलीकडच्या माणसाला काही गोष्टी न सांगता कळतात. एका माणसात हे काम झालं तर धंदा चालू, नाही झालं तर कापड कायमचं पेटीत, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

पहिला प्रयोग फसला. कुठूनतरी त्यांनी एक घडीचं कापड मागवलं. पोलादी कड्याला शिवलेलं, पिशवीतून काढलं की फटकन माणसाहून उंच उघडतं. उघडताना एक माणूस पुरतो. मिटताना मात्र त्याला पीळ देऊन तीन वेटोळी करावी लागतात, आणि ते अण्णांना जमेना. मी मदतीला गेले तर त्यांनी मला हातानं थांबवलं. मग ते उघडं कडं पाठीला बांधून अण्णा मोटारसायकलवर माळावरून केजच्या रस्त्यानं घरी निघाले. वाटेत वारं सुटलं. अण्णा सांगतात की त्या दिवशी त्यांनी पेट्रोल वाचवलं. लोक सांगतात की ते दोनदा बाभळीत गेले. ते कडं पुढे आठ दिवस त्यांच्या अंगणात उघडंच पडलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर कुरडया वाळवल्या.

बीडच्या त्या दुकानात शेवटी अण्णांनी एक लहानसा कॅमेरा निवडला. निवडण्याआधी तो दुकानाबाहेर, उतरत्या उन्हात, रिक्षांच्या गर्दीत नेऊन त्यांनी डोक्यावर काळा टॉवेल घेतला आणि आत तोंड घालून पाच मिनिटं मागचा पडदा पाहिला. रिक्षावाले थांबून बघायला लागले. एकानं मला हळूच विचारलं की यांना कुठल्या दवाखान्यात न्यायचं आहे. अण्णा टॉवेलातून बाहेर आले ते खूश होऊन. कॅमेरा हलका होता, पडदा दिसत होता, आणि रिमोटनं लांबून चालू करता येत होता. दोन ॲल्युमिनियमचे स्टँड घेतले तेही बोटभर जाडीच्या नळीचे. विक्रेत्यानं काळजीनं सांगितलं की हे स्टँड फार हलके आहेत, बाहेर वाऱ्यात पडतील, सोबत वजनाच्या पिशव्या घ्या. अण्णा हसले. "माती समद्या माळावर हाय. म्या कावून घरून न्यावी?" खताच्या रिकाम्या गोण्या न्यायच्या, तिथं भरायच्या, काम झालं की तिथंच ओतायच्या. विक्रेत्याला ते पटलं असावं, कारण त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

सगळं मिळून वजन अकरा किलो भरलं. अण्णांनी ते मला तीनदा सांगितलं आणि घरी आल्यावर परत एकदा तोललं.

आणि मग पहिल्याच कामाला घात झाला. काम मीच मिळवून दिलं होतं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मंदाबाईंची मुलगी सुवर्णा, माझीच जुनी विद्यार्थिनी. तिचं लग्न ठरलं. मंदाबाईंना समुद्र बघायची फार हौस, स्वतः कधी गेल्या नाहीत, म्हणून मुलगी आणि जावई तरी समुद्राकाठी दिसावेत एवढीच त्यांची मागणी. अण्णांनी माळावर जाऊन एकट्यानं पडदा उभा केला, एकट्यानं शूट केलं आणि विजयी मुद्रेनं घरी आले. सुवर्णाची साडी लाल होती, ब्लाउज पिवळा होता. अण्णांनी ते नीट पाहिलं होतं. मनगटं मात्र पाहिली नव्हती. साखरपुड्याला सासरच्यांनी भरलेला हिरवा चुडा तिच्या हातात होता. आमच्याकडे तो लग्नापर्यंत उतरवत नाहीत.

मंदाबाई हौसेनं बघायला आल्या. पडद्यावर निळाशार समुद्र, शेजारी जावई, आणि सुवर्णाचे दोन्ही पंजे हातांपासून सुटून हवेत तरंगताहेत. मनगटांच्या जागी लाटा. मंदाबाईंनी आधी पंजे पाहिले, मग चुडा कुठे गेला ते विचारलं. लग्नाच्या आधी मुलीचा चुडा नाहीसा झालेला कुठल्या आईला बघवेल? त्या तशाच उठून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत खिचडी ढवळता ढवळता रडल्या. मावशी असत्या तर हे झालं नसतं, असं गावात दोन दिवस बोललं गेलं. ते अण्णांच्या कानावर गेलंच. अण्णा म्हणाले, "खरंच हाय ते." मला त्यांचं ते शांतपणे कबूल करणं फार लागलं.

पण हार मानायचा त्यांचा पिंड नाही. त्यांनी सांगितलं की लग्नाच्या तीन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, परत शूट करतो, चुड्यासकट. हिरव्याऐवजी निळं कापड. ते कापड त्यांनी स्वतः शिवलं, मावशींच्या मशीनवर. स्टँडची आडवी नळी सरकवायला वरून एक नेफा, आणि खाली कडेनं गोण्यांना बांधायचे बंद. नेफ्याची शिवण गावातल्या ओढ्यासारखी वाकडीतिकडी होती. मी ती उसवून नीट शिवून देते म्हटलं तर अण्णांनी कापड छातीशी धरलं. याही वेळी जमलं नाही तर ते खरोखर बंद करणार होते. पेटीला लावायचं कुलूपसुद्धा त्यांनी काढून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी गायरानात सुवर्णा आणि नवरदेव आले, मंदाबाई आल्या, आणि विश्वास कुणाचाच नसल्यामुळे गल्लीतल्या सहा बायकाही आल्या. शाळेची उन्हाळी सुट्टी लागलेली, म्हणून मीही गेले. अण्णांनी आम्हाला सगळ्यांना बाभळीखाली बसवलं आणि बजावलं की काही झालं तरी कुणी हात लावायला यायचं नाही. मग त्यांनी गोण्या भरल्या, स्टँड उभे केले, नेफ्यात नळी सरकवली, आधी एक बाजू वर चढवली, मग पलीकडे चालत जाऊन दुसरी. असं चार वेळा इकडून तिकडे. पूर्वी दोन माणसं दोन मिनिटांत करायची ते अण्णांनी पंधरा मिनिटांत केलं, पण केलं.

नवरदेव निळा शर्ट घालून आला होता. त्याला त्याच पावली पडद्यामागे नेऊन अण्णांनी स्वतःचा पांढरा सदरा घालायला दिला आणि स्वतः बनियनवर राहिले. मग सुवर्णाला दोन्ही हात पुढे करायला सांगितले, चष्मा पुसला आणि एकेक बांगडी मोजावी तसा चुडा निरखला. पदर पाहिला, कानातले पाहिले, पायातली जोडवी पाहिली. हे सगळं त्यांनी इतकं सावकाश केलं की बाभळीखालच्या बायका माना उंच करून बघायला लागल्या.

तेवढ्यात वारं आलं. आमच्या माळावरचं वारं सांगून येत नाही. कापड फुगलं, डावा स्टँड अर्धा फूट उचलला गेला आणि मंदाबाईंनी माझा दंड धरला. मी उठून दोन पावलं पुढे गेले. अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं फक्त. मी परत जाऊन बसले. त्यांनी खालचे दोन बंद सोडले, कापडातून वारं निघून जाऊ दिलं, सगळा सांगाडा वाऱ्याला आडवा होता तो फिरवून वाऱ्याच्या धारेला लावला आणि बंद परत बांधले. कापड ताठ उभं राहिलं. मग ते सुवर्णाला म्हणाले, "हां पोरी. आता समुद्राकडं बघ."

शूटिंग अर्ध्या तासात आटोपलं. बाभळीच्या सावलीत छोटा लॅपटॉप उघडून, टॉवेलाखाली मंदाबाईंना बसवून, अण्णांनी तिथल्या तिथं निळं पुसून समुद्र ठेवला. मग मंदाबाई बाहेर आल्या, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "हात हायेत बाई. बांगड्या बी हायेत." नंतर सहाही बायकांनी आळीपाळीनं टॉवेलाखाली जाऊन समुद्र पाहिला. प्रत्येकीनं बाहेर येऊन अण्णांना काहीतरी चांगलं सांगितलं. अण्णा बनियनवर, मातीनं भरलेल्या हातांनी, हो हो म्हणत उभे होते.

सगळे गेल्यावर मी मागे राहिले. अण्णा गोण्या ओतत होते. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही जिंकलात. अकरा किलोत, एका माणसात, वाऱ्यातसुद्धा. आता तालुक्यात तुम्हाला तोड नाही.

"जमलं," अण्णा म्हणाले. "चांगलंच जमलं."

मग ते अर्ध्या ओतलेल्या गोणीवर बसले. मला वाटलं दमले असतील. मी पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी नुसती हातात धरली.

"बाई, मघाशी वारं आलं न्हाई का. तवा मनात आलतं, पडू द्यावं."

मला कळेना. मी विचारलं, असं का म्हणता?

"दोन वर्सं घरी गेलो की तिच्या फोटोला सांगतो. आज बी न्हाई जमलं, तुज्याबिगर कापड उभं ऱ्हात न्हाई. पोरी-सोरींचं काय काय झाकायचं ते बी मला समजत न्हाई. रोज काई ना काई सांगायला असायचं." त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "आज काय सांगू? तुज्याबिगर जमलं म्हनून?"

निळं कापड जमिनीवर पसरलेलं होतं. मी वाकून त्याची दोन टोकं उचलली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग उठले आणि पलीकडची दोन उचलली. आम्ही कापड ताणलं, मधोमध दुमडलं, ते चालत माझ्यापर्यंत आले आणि टोकं माझ्या हातात देऊन परत गेले. ती घडी त्यांना एकट्याला घालता येते हे मला माहीत होतं. पण त्यांनी नको म्हटलं नाही.